वाचकांचे प्रश्न: विज्ञान कादंबरीत थरार कुठून आणायचा?

विज्ञान कादंबरी आणि थरारकथा यांचा मेळ कसा घालायचा, याबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. त्यातले बहुतेक जण स्वतःच कादंबरी लिहीत आहेत, त्यामुळे प्रश्न अगदी नेमके आहेत. जागेअभावी आठच घेतले. पत्रलेखकांची नावं न छापता फक्त ठिकाण दिलं आहे.

सप्रेम नमस्कार. माझी कादंबरी सुमारे ८०,००० शब्दांची झाली आहे. काळ २०६०, स्थळ ठाणे. समुद्राची पातळी वाढली आहे, खाडीकाठी भरती अडवणारे मोठे दरवाजे बसवले आहेत आणि ते संगणक चालवतो. वाचलेल्या सर्वांचं म्हणणं एकच पडलं: पहिली शंभर पानं माहितीची आहेत, गोष्ट नंतर सुरू होते. पण ती माहिती काढली तर पुढचं काहीच कळणार नाही. आपण काय सुचवाल?
— निवृत्त शिक्षक, कोपरी, ठाणे

सर, माहिती काढायची नाही, हलवायची. मात्र आधी तिची छाटणी करावी लागेल. कादंबरीचा उत्तरार्ध घेऊन बसा. विज्ञानातल्या एखाद्या गोष्टीमुळे एखाद्या पात्राला काही करता आलं किंवा करता आलं नाही, असं जिथे जिथे दिसेल तिथे समासात खूण करा. अशा खुणा सहसा सहा ते आठ गोष्टींवरच पडतात. वाचकाला तेवढ्याच माहीत असायला हव्यात. बाकीची पानं वेगळ्या वहीत ठेवा. तुमचं जग पक्कं राहायला ती तुम्हाला उपयोगी पडतील, वाचकाला ती लागणार नाहीत.

उरलेली प्रत्येक गोष्ट कादंबरीत तीनदा यावी. पहिल्यांदा रोजच्या कामाच्या ओघात, धोका नसताना. दुसऱ्यांदा छोट्या अडचणीत. तिसऱ्यांदा जिवावर बेतल्यावर. तिसऱ्या वेळी स्पष्टीकरणाचं एक वाक्यही लागत नाही आणि पान पळायला लागतं.

तुमच्या विषयात तर यासाठी भरपूर ऐवज आहे. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं असतं, म्हणून आजची भरती कालच्यापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच असताना दरवाजा उघडला तर खाडीच आत शिरते. त्यामुळे भरतीच्या वेळी पाऊस पडत असेल तर आतलं पाणी ओहोटीपर्यंत साठवायचं किंवा पंपाने उपसायचं, एवढेच दोन मार्ग उरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी भरती आणि पाऊस एकत्र आल्याने काय झालं हे तुमच्या वाचकांना आठवत असेल.

आता हिशेब मांडा. एक चौरस किलोमीटर भागात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ कोटी लिटर पाणी साचतं. सेकंदाला ६,००० लिटर उपसणारा एक पंप ते काढायला २ तास १९ मिनिटं घेतो, तेही आणखी पाऊस पडला नाही तर. तुमच्या थराराचं घड्याळ हे आहे. संगणकात बॉम्ब ठेवायची गरजच नाही. खलनायकाने दरवाजांच्या यंत्रणेला आजच्याऐवजी कालचं भरतीचं वेळापत्रक दिलं तरी पुरे. पडद्यावरचा आलेख नेहमीसारखाच दिसेल, फक्त दरवाजे ५० मिनिटं आधी हलतील. म्हणजे ओहोटीत पाणी पुरेसं उतरण्याआधी ते उघडतील आणि खाडी आत येईल.

हे साधायचं असेल तर ५० मिनिटांचा फरक पहिल्या प्रकरणात कुणाच्या तरी सहज बोलण्यात आला पाहिजे. उदाहरणार्थ, पाळीवरचा माणूस घरी फोन करून सांगतो, "काल साडेसहाला सुटलो होतो, आज सव्वासात होतील, पाणी उशिरा उतरणार आहे." वाचक ते वाचून पुढे जाईल, आणि दोनशे पानांनी त्याला ते वाक्य आठवेल.

आणखी एक. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात मनातले विचार वाचणारं उपकरणही आहे. ते काढून टाका. वाचक एका मोठ्या गृहीतकावर विश्वास ठेवतो. दुसरं आलं की पुढे काहीही होऊ शकतं असं त्याला वाटू लागतं, आणि काहीही होऊ शकत असेल तर भीती कशाचीच वाटत नाही.

मी ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये शिफ्टमध्ये काम करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली चोरून नेण्याचा कट, असं कथानक आहे. कीबोर्ड बडवून दोन मिनिटांत सगळं उघडतं, तसलं मला लिहायचं नाही. पण खरं तसं लिहिलं तर थरार उरेल का?
— वाचक, ऐरोली

उरेल, आणि जास्त टिकेल. थरारासाठी वेळेची मर्यादा, बंद होत जाणाऱ्या वाटा आणि पकडलं जाण्याची शक्यता लागते. तुमच्या कामाच्या ठिकाणी या तिन्ही गोष्टी मोजता येण्यासारख्या आहेत.

चोरीचा माल किती मोठा आहे ते आधी ठरवा. ७,००० कोटी पॅरामीटर (प्रशिक्षणातून ठरलेले आकडे) असलेली भाषिक प्रणाली प्रत्येकी दोन बाइटने साठवली तर १४० जीबी होते. सेकंदाला १०० एमबी वेगाने लिहिणाऱ्या ड्राइव्हवर ती उतरवायला १,४०० सेकंद, म्हणजे २३ मिनिटं २० सेकंद लागतात. १ जीबीपीएसच्या (सेकंदाला १ गिगाबिट) लाइनवरून बाहेर पाठवली तर पूर्ण वेग मिळूनही १८ मिनिटं ४० सेकंद. हा प्रसंग पूर्ण प्रकरणभर चालू शकतो आणि त्यात एकही सेकंद खोटा नसेल. वेग मध्येच पडला (स्वस्त ड्राइव्ह तापली की पडतोच) तर २३ मिनिटांची ४० होतात आणि गस्तीची पुढची फेरी त्यात येते. उलट चोरायचा माल १० टीबीचा ठरवलात तर त्याच १ जीबीपीएस लाइनवर २२ तासांहून जास्त लागतील. मग ती एका रात्रीची चोरी राहणार नाही, आठवडाभर थेंबाथेंबाने माल नेणाऱ्या आतल्या माणसाची गोष्ट होईल. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. लिहायला बसण्याआधी निवड करा.

वीज घालवून गोंधळ उडवायचा असेल तर क्रम चुकवू नका. पुरवठा गेला की सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर जातात. डिझेल जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत सेकंदांचा खेळ असतो, आणि तेवढ्यासाठीच बॅटरीत काही मिनिटांची वीज ठेवलेली असते. म्हणून "लाइट गेले आणि सगळे सर्व्हर बंद पडले" हे वाक्य तुमच्या सहकाऱ्यांना पहिल्या वाचनातच खटकेल. खरी नाजूक जागा थंडाव्याची आहे. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, पण चिलर (हॉल थंड ठेवणारं यंत्र) बंद पडला आणि वेळेत परत सुरू झाला नाही तर भरगच्च हॉलचं तापमान मिनिटांत चढतं. सर्व्हरला जाणारी हवा सर्वसाधारणपणे १८ ते २७ अंश ठेवतात. तापमान त्यावर चढत जाताना कोणती यंत्रं आधी बंद करायची हे माणसांना ठरवावं लागतं, आणि कादंबरीला हवा असलेला निर्णयाचा क्षण तिथे मिळतो.

आगीचा प्रसंग अनेक हस्तलिखितांत चुकलेला दिसतो: नायक सर्व्हर रूममध्ये कोंडला जातो, वायू सुटतो, श्वास गुदमरतो. प्रत्यक्षात माणसं वावरतात अशा हॉलसाठी नायट्रोजन-आर्गनसारखा वायू किंवा रासायनिक वायू वापरतात आणि त्याचं प्रमाण माणसाला बाहेर पडता येईल असं ठरवलेलं असतं. एका धूरशोधकाने इशारा दिला म्हणून वायू सुटत नाही, सहसा दोन स्वतंत्र शोधकांनी खूण द्यावी लागते. त्यानंतरही बाहेर पडण्यासाठी भोंगा वाजतो. आणि आगीचा इशारा झाला की सुटकेच्या वाटेवरची चुंबकी कुलपं उघडतात. म्हणजे नायक कोंडला जाणार नाही. पण एरवी एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं न उघडणाऱ्या वाटेतून कुणी आत यायचं ठरवलं असेल, तर आगीचा खोटा इशारा ही त्याची किल्ली ठरते. माणसांच्या सुरक्षेचा नियम आणि मालाच्या सुरक्षेचा नियम इथे एकमेकांच्या आड येतात. या विसंगतीवर कादंबरीचं मधलं शिखर उभं राहू शकेल.

तुम्ही स्वतः त्या क्षेत्रात आहात म्हणून सांगतो: तुमच्या इमारतीचा नकाशा, गस्तीच्या वेळा, दारांचे क्रमांक जसेच्या तसे वापरू नका. दोन-तीन ठिकाणांचे तपशील मिसळून एक काल्पनिक इमारत बांधा आणि तिचा नकाशा भिंतीवर लावून लिहा.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या कादंबरीत ठाणे खाडीच्या चिखलात जनुकीय बदल केलेला जिवाणू सुटतो. आधी फ्लेमिंगो मरतात, मग माणसं आजारी पडतात आणि तीन दिवसांत शहर संकटात सापडतं. मैत्रीण म्हणते तीन दिवसांत हे होणार नाही. तुमचं मत?
— विद्यार्थिनी, नेरुळ

मैत्रिणीचं बरोबर आहे. पण तीन दिवस सोडायची गरज नाही, गोष्ट उशिरा सुरू करा.

प्रयोगशाळेत उत्तम अन्न दिलेला जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून सुरुवात केली तर १० तासांत ३० दुपटी होऊन १०७ कोटी होतात, आणि इथपर्यंत वाचक दचकतो. हाच वेग २४ तास चालू ठेवला तर ७२ दुपटी होतात आणि एका जिवाणूचं वजन १ पिकोग्रॅम धरलं तरी ढीग ४,७०० टनांचा होतो. अर्थात हे घडत नाही, कारण त्याआधीच अन्न संपतं, आम्ल साचतं, वाढ थांबते. खाडीच्या चिखलात तर आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंशी स्पर्धाही असते. तेव्हा तुमचा जिवाणू दिवसाला एक-दोनदाच दुप्पट होतो असं धरा. त्याने थरार कमी होत नाही. उलट तो किती आठवडे आपल्या पायाखाली होता, हा प्रश्न जास्त घाबरवतो.

माणसांतला प्रसारही असाच मोजा. एक रुग्ण दोघांना देतो आणि दोन पिढ्यांत चार दिवसांचं अंतर आहे असं धरलं, तर दहाव्या पिढीत १,०२४ नवे रुग्ण असतील, पण त्याला ४० दिवस लागतील. म्हणून पहिल्या प्रकरणात पहिला रुग्ण दाखवू नका. आठव्या पिढीपासून सुरुवात करा. तेव्हा नवे रुग्ण २५६ आहेत, वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेले, आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुमच्या नायिकेला पहिल्यांदा फक्त इतकंच दिसावं की वाशीतल्या आणि कळव्यातल्या दोन रुग्णांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पण अहवाल एकसारखे आहेत.

तीन दिवसांचं घड्याळ तुम्हाला प्रयोगशाळा देईल. पीसीआर चाचणी नमुना तयार करण्यापासून धरली तर काही तासांत होते, पण काय शोधायचं हे माहीत असेल तरच. अनोळखी जिवाणू वाढवायला २४ ते ४८ तास. त्यावर कोणतं प्रतिजैविक चालतं हे कळायला आणखी एक दिवस. जिवाणूचा वेग बदलता येत नाही, मंत्र्याचा फोन आला तरी पेट्रीडिशमध्ये वसाहत लवकर दिसत नाही. डॉक्टरांना उत्तर येण्याआधी औषध निवडावं लागतं, आणि इथे तुमची खरी तीन दिवसांची कादंबरी आहे. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पाठवू नका, ती विषाणूंची संस्था आहे. हौशी लेखक तिथे हमखास चुकतात. आणि नमुना नेताना तीन थरांचं वेष्टन आणि सांगितलेलं तापमान या दोन गोष्टी विसरू नका. वाहतूककोंडीत अडकलेली गाडी आणि खोक्यात चढत जाणारं तापमान, एवढ्यावर एक प्रकरण सहज होतं.

फ्लेमिंगोंबद्दल: ते साधारण नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत असतात. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात पक्षी जुलैच्या पावसात मरतात, तो महिना बदला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात ते खातात, म्हणजे नमुने घ्यायलाही ओहोटीचीच वेळ पकडावी लागेल आणि पाणी परतण्याआधी बाहेर यावं लागेल. त्या चिखलात माणसाचा पाय रुततो, चालायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य असलेला भाग २०१५ साली संरक्षित झाला आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. तेव्हा तिथे शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. नायिका ती घेते की नाही, यावरून तिचा स्वभाव कळेल.

शेवटाबद्दल एक इशारा. मायकेल क्रायटन यांची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' (१९६९) या प्रकारची पायाभूत कादंबरी आहे. प्रयोगशाळेतून जंतू निसटला तर सगळं नष्ट करण्यासाठी ठेवलेला अणुस्फोट त्या जंतूचं अन्नच ठरेल, हा तिच्यातला उलटा डाव अजोड आहे, कारण तो जंतूच्या गुणधर्मातूनच निघतो. पण जंतू शेवटी आपोआप निरुपद्रवी रूपात बदलतो आणि संकट टळतं. तिथे आम्हाला ती कादंबरी हातातून निसटल्यासारखी वाटते. तुमच्या जिवाणूला मारायचं असेल तर त्याची कमकुवत बाजू पन्नासाव्या पानापर्यंत वाचकासमोर येऊ द्या, मात्र ती कमकुवत बाजू आहे हे कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका. जनुकीय बदल केलेला जीव म्हटलं की एक सोय हाताशी असते. अशा जिवाणूला एखादं पोषकद्रव्य बाहेरून मिळाल्याशिवाय जगता येऊ नये, अशी योजना प्रयोगशाळेत करता येते. खाडीत त्याला ते कुठून मिळतंय, हा शोध म्हणजेच गुन्हेगाराचा शोध होईल.

भविष्यातल्या कथेत गुप्तहेराने शेवटी नवंच यंत्र काढून गुन्हा उकलला तर वाचकाची फसवणूक होते. मग विज्ञान कादंबरीत रहस्य ठेवावं की नाही?
— वाचक, घणसोली

हाच आक्षेप अमेरिकी विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी घेतला होता आणि आयझॅक असिमोव्ह यांनी त्याचं उत्तर 'द केव्हज ऑफ स्टील' (१९५४) ही कादंबरी लिहून दिलं. त्या कादंबरीची मांडणी कागदावर उतरवून पाहा. बंदिस्त शहरात जन्म काढलेल्या माणसाला उघड्यावरून चालत जाण्याची इतकी धास्ती असते की तो ते करूच शकत नाही. यंत्रमानव सहज जाऊ शकतो, पण नियमांमुळे त्याला माणसाला मारता येत नाही. खून तर झालेला आहे. सगळे नियम वाचकाला आधीच माहीत आहेत, नवं यंत्र कुठेही येत नाही, आणि तरी दारं बंद आहेत. शेवट इथे सांगत नाही.

यातून घ्यायचं ते असं. लिहायला बसण्याआधी तुमच्या यंत्राला काय जमत नाही, याची निदान पाच वाक्यं लिहा. आठवण वाचणारं यंत्र असेल तर किती जुनी आठवण वाचता येत नाही? झोपेत चालतं का? वाचलेली आठवण न्यायालयात पुरावा म्हणून का धरत नाहीत? कादंबरीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात ही पाचही वाक्यं प्रसंगातून सांगून टाका. त्यानंतर यंत्राला एकही नवी शक्ती द्यायची नाही. नवी मर्यादा आली तर चालते, कारण ती नायकाचं काम अवघड करते. नवी शक्ती त्याचं काम सोपं करते आणि वाचक पुस्तक मिटतो.

माझी कादंबरी मंगळावरच्या भारतीय तळावर घडते आणि नियंत्रण कक्ष खारघरमध्ये आहे. दोन्हीकडचे संवाद लिहिताना वेग येत नाही, कारण निरोप पोहोचायला वेळ लागतो. हा उशीर दुर्लक्षित केला तर चालेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, खारघर

चालणार नाही. तुमच्या कादंबरीतलं सर्वांत धारदार हत्यार तेच आहे.

मंगळ जवळ असताना सुमारे ५.५ कोटी किलोमीटरवर असतो, दूर असताना ४० कोटींवर. प्रकाशाच्या वेगाने निरोप जायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. कादंबरीतली तारीख नक्की करा आणि त्या दिवशीचं अंतर काढून एकच आकडा धरा.

आपल्याच मंगळयानाचा २४ सप्टेंबर २०१४ चा दिवस घ्या. निरोपाला एका बाजूने सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती. कक्षेत शिरण्यासाठी मुख्य इंजिन सुमारे २४ मिनिटं चालायला हवं होतं आणि ते त्याआधी जवळपास ३०० दिवस बंद होतं. म्हणून दोन दिवस आधी, २२ सप्टेंबरला, ते सुमारे ४ सेकंद चालवून पाहिलं. मुख्य इंजिनाने दगा दिला तर आठ छोट्या इंजिनांवर काम भागवायचा पर्यायही तयार होता. सगळ्या आज्ञा आधीच चढवून ठेवलेल्या होत्या, कारण ऐन वेळी सांगण्यात अर्थच नव्हता. त्यात इंजिन चालू असतानाच यान मंगळाच्या आड गेलं आणि संपर्क तुटला. दुसरी संधी नव्हती. बेंगळुरूच्या कक्षातल्या माणसांच्या हातात त्या वेळी वाट पाहण्याशिवाय काहीच नव्हतं. खलनायक नाही, पाठलाग नाही, तरी यापेक्षा ताणलेला प्रसंग रचणं अवघड आहे.

लिहिण्याची पद्धत अशी. मोठ्या कागदावर दोन उभे रकाने आखा, एक तळाचा आणि एक खारघरचा. प्रत्येक निरोप तिरक्या रेषेने काढा, रेषेचा उतार म्हणजे साडेबारा मिनिटं. तळावर १० वाजता गळती सुरू झाली तर खारघरला ती १० वाजून साडेबारा मिनिटांनी कळते, आणि त्यांनी त्याच क्षणी उत्तर दिलं तरी ते तळावर १० वाजून २५ मिनिटांनी पोहोचतं. त्या २५ मिनिटांत तळाने स्वतः काहीतरी केलेलं असतं. त्यामुळे खारघरचा बरोबर सल्ला पोहोचेपर्यंत चुकीचा ठरतो. निरोप वाटेत एकमेकांना ओलांडतात. वाचकाला दोन्ही रकाने दिसत असतात, पात्रांना एकेकच. ताण इथे तयार होतो. म्हणून प्रश्न-उत्तर असे संवाद लिहू नका, लांब, एकतर्फी निरोप लिहा. बोलणारा समोरच्याला पडतील ते प्रश्न ओळखून उत्तरं आधीच देऊन ठेवतो, आणि एखादा प्रश्न ओळखायचा राहून जातो.

साधारण २६ महिन्यांनी एकदा सूर्य मध्ये येतो आणि सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. तळावर घातपात करू पाहणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. तो आधीपासून पंचांगात छापता येईल इतका ठरलेला असतो, म्हणून त्यात योगायोगाचा आरोपही येत नाही.

खलनायक म्हणून वेडा शास्त्रज्ञ जुना झाला का?
— वाचक, कळवा

हो. त्याच्या जागी ज्याचं म्हणणं निम्मं खरं आहे असा माणूस आणा. पहिल्या पत्रातल्या भरतीच्या दरवाजांमुळे कुठली वस्ती वाचते आणि कुठली बुडते, हे कुणीतरी ठरवलेलंच असणार. बुडणाऱ्या बाजूचा अभियंता खलनायक झाला तर त्याला वेडाची गरज नाही. तपासायचं असेल तर त्याचं समर्थन एका पानात, त्याच्याच तोंडून लिहा. वाचून तुम्हालाच थोडं पटलं तर तो कादंबरीत टिकेल.

नायक पोलिसांना फोन का करत नाही, याचं कारण दर वेळी नेटवर्क नाही असंच द्यावं लागतं. दुसरा मार्ग आहे का?
— वाचिका, पनवेल

नवी मुंबईत घडणाऱ्या कथेत नेटवर्क नसणं एकदा पटेल, दोनदा नाही. नायकाला ११२ वर फोन करू द्या. पोलीस येऊ द्यात, नीट ऐकूनही घेऊ द्यात. अडचण पुढे आहे: त्याच्याकडचा पुरावा समजायला तज्ज्ञ लागतो, तज्ज्ञाचा अहवाल यायला दोन दिवस लागतात, आणि संकट उद्या पहाटेच्या भरतीला आहे. कुणीही मूर्ख किंवा भ्रष्ट नसताना वेळ पुरत नाही, हे सर्वांत पटतं. दुसरा मार्ग असा की मदत मागितल्यानेच संकट वाढावं. इशारा दिला की दारं उघडतात, हे वर ऐरोलीच्या उत्तरात आलंच आहे.

मराठीत या प्रकारचं काय वाचावं? आणि प्रकरणं किती लांब असावीत?
— वाचक, वाशी

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. त्यांच्या कादंबऱ्यांपैकी 'वामन परत न आला' थराराच्या सर्वांत जवळची. जमिनीखाली सापडलेल्या एका पेटीतलं ज्ञान उलगडत जातं, आणि ज्ञान वाढेल तसा धोकाही वाढतो. शोध आणि संकट एकाच दोरीला बांधल्यामुळे माहितीची पानं जड होत नाहीत. एकदा गोष्टीसाठी वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कुठल्या पानावर वाचकाला काय कळलं, हे टिपत वाचा. 'व्हायरस' त्यानंतर घ्या. अरुण साधूंची 'विप्लवा' वेगळ्या चालीची आहे, तरी या क्षेत्रात लिहिणाऱ्याने ती वाचलेली असावी.

प्रकरणं १,५०० ते २,५०० शब्दांची ठेवा, एकूण ६०,००० ते ९०,००० शब्द. प्रत्येक प्रकरण संकटावर तोडू नका, चौथ्या वेळी वाचक ते ओळखतो. काही प्रकरणं एखाद्या नव्या आकड्यावर संपू द्यात: पंप दोन लागणार होते, चालू एकच आहे.

हस्तलिखित पूर्ण झालं की दोघांना द्या. विषयातल्या जाणकाराला अख्खी कादंबरी देऊ नका, त्याला शैलीवर बोलण्याचा मोह होतो. त्याला फक्त तुमच्या कादंबरीतले विज्ञानाचे सहा ते आठ नियम (वर कोपरीच्या उत्तरात खुणा करायला सांगितलेल्या गोष्टी) आणि त्यांचे आकडे एका कागदावर द्या आणि चूक काढायला सांगा. दुसरी प्रत भरपूर रहस्यकथा वाचणाऱ्याला द्या आणि एकच काम सांगा: पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं त्या प्रत्येक पानाचा कोपरा दुमडायचा. मत विचारू नका. दुमडलेली पानं उघडून बघा. बहुतेक ठिकाणी वाचकाला प्रश्न पडण्याआधीच तुम्ही उत्तर देऊन टाकलेलं असेल. ते उत्तर दोन प्रकरणं पुढे सरकवा आणि मधल्या जागेत पात्राला त्या अज्ञानाची किंमत मोजायला लावा.